सिस्टरांचा वजनकाटा

सिस्टरांनी मला खोली दिली ती माझी नखं बघून. नाव, गाव, काम यातलं आधी काहीच विचारलं नाही. कळंबला, पुणे-नाशिक रस्ता सोडून थोडं आत, दूध संकलन केंद्राच्या मागच्या अंगाला त्यांचं घर होतं. त्याच केंद्रावर मला दूध मोजायचं काम लागलं होतं. मी पिशवी घेऊन फाटकाशी उभा. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हात दाखवा." मला वाटलं, भविष्य बघतात. त्यांनी एकेक बोट पाहिलं, हात उलटा करून पाहिला.

"नखं येळेवर कापता. कुत्र्याला भिता का?"

मी चांगलाच भीत होतो. पण खोली पाहिजे होती, म्हणून "नाही" म्हणालो. तेवढ्यात घरातून झुपकेदार शेपटीची एक सोनेरी कुत्री आली आणि माझ्या पिशवीत तोंड घालून आईनं बांधून दिलेल्या धपाट्यांचा वास घ्यायला लागली. मी फाटकाचा गज असा घट्ट धरला की तळहाताला गंज लागला.

"भिता," सिस्टर म्हणाल्या. "पण पळाला नाय. चालंल. पाय पुसून आत या, पावणं."

पुढची तीन वर्षं मी त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो, आणि तिन्ही वर्षं पावणाच राहिलो.

त्यांचं खरं नाव मी फक्त लाइट बिलावर वाचलं. गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. तीसेक वर्षं सरकारी नर्स. त्यातली निम्मी तळेघरच्या बाजूला, डोंगरात, जिथं एसटी एखादी यायची आणि बाकीचं अंतर पायांनी कापायचं. निवृत्त होऊन खाली कळंबला आल्या तरी चाल तीच राहिली होती, पुढं वाकून, भराभर, जणू वरच्या वाडीत कुणी अडलंय. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. पदराला सेफ्टीपिन आणि तिला अडकवलेली थर्मामीटरची नळी. बोलता बोलता समोरच्याची नाडी धरायची त्यांना सवय होती. पोस्टमन पाकीट द्यायला आला तरी त्याचं मनगट धरून म्हणायच्या, "बरंय, पण पाणी कमी पिता." पोस्टमन पाणी पिऊनच पुढं जायचा.

आणि या बाई घरात गोल्डन रिट्रीव्हरची पिल्लं काढायच्या. म्हणजे 'पिल्लं काढायच्या' असं मी म्हणतो. त्यांना ते आवडायचं नाही. "कोंबड्या काढतात," त्या म्हणायच्या. "आमी बाळंतपण करतो."

कुत्रीचं नाव शेवंता. पुण्यातल्या मुलीनं नातवासाठी घेतलेली, सगळ्या कागदपत्रांसकट. मग मुलगी-जावई परदेशी गेले आणि एक दिवस शेवंता तिच्या ताटलीसकट कळंबला आली. "गाडीतून उतरली अन् गाडी गेली त्या वाटंकडं बघत बसली," सिस्टर सांगायच्या. "चार दिस जेवली नाय. तवाच म्हटलं, हिची पोरं कुणाला द्यायची झाली तर अशी नाय द्यायची."

उदगीरकडच्या माझ्या गावात कुत्री व्यायची ती गंजीखाली, आणि पिल्लं कळायची ती ओरडायला लागल्यावर. इथं मी बघत होतो ते काही वेगळंच होतं. नववीत शाळा सोडलेला माणूस मी. मला प्रश्न विचारायची लाज वाटायची, पण या घरात विचारल्याशिवाय राहवेना. शेवंता दोन वर्षांची होईपर्यंत थांबल्या, का? पुण्याला नेऊन तिच्या खुब्याचे एक्स-रे काढायचे, डोळे आणि हृदय तपासायचं, का? सिस्टर भाजी निवडता निवडता उत्तर द्यायच्या. या जातीत खुबे ढिले निघतात, आईचे ढिले तर पोरांचेही ढिले, मग पाचव्या वर्षी कुत्रं उठताना कण्हतं. "ज्याच्या घरी कण्हतं त्याला वाटतं म्हातारं झालं. म्हातारं नाय झालेलं. ज्यानं एक्स-रे काढला नाय त्याची चूक ती."

बाळंतपणं दोनच करायची, मध्ये चांगलं अंतर ठेवायचं आणि मग ऑपरेशन, हे त्यांनी आधीच कॅलेंडरवर लिहून टाकलं होतं. "जन्मभर बायांना हेच सांगत फिरले. आता कुत्रीला येगळा नियम लावू का?" पहिलं बाळंतपण मी यायच्या आधी झालं होतं. मी पाहिलं ते दुसरं.

त्यांच्या घरात बुद्धांची तसबीर होती, आणि मुलीचं लग्न त्यांनी पत्रिका न बघता लावलं होतं. पण शेवंतासाठी नराचं स्थळ बघायचं ठरलं तेव्हा तीन पिढ्यांचे कागद फरशीवर पसरून, पेन्सिलीनं रेघा ओढत, त्या दोन दिवस बसून होत्या. पुण्याचं एक स्थळ चांगलं होतं, मालकही भला होता. सिस्टरांचं बोट एका नावावर थांबलं. "हिचा पणजोबा अन् त्याचा आजा एकच. कॅन्सल." शेवटी नाशिकचं स्थळ ठरलं, तेही त्याचे खुब्याचे फोटो आल्यावर.

शेजारी एक ट्रॅक्टरवाले भाऊ होते. ते कुंपणावरून हे सगळं बघायचे. म्हणाले, "सिस्टर, पोरीच्या टायमाला पत्रिका बघितली न्हाई अन् कुत्रीच्या तीन पिढ्या काढता व्हय?"

"पोरगी तिच्या तोंडानं सांगत व्हती, कोण पायजे अन् काय दुखतंय," सिस्टर म्हणाल्या. "ही बोलत नाय. हिचा कागद बोलला पायजे."

भाऊ ट्रॅक्टरवर जाऊन बसले. पण संध्याकाळी त्यांनी त्यांच्या गाईच्या रेतनाचं कार्ड आणून सिस्टरांना दाखवलं आणि विचारलं, हे जरा बघता का.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली, कान-डोळे उघडले, की घरात शाळा भरायची. भिंतीवर यादी चिकटवलेली होती. कुकरची शिट्टी, मिक्सर, ट्रॅक्टर, ढोलकी, मोबाइलवर बारीक आवाजात फटाके, टोपीवाला, दाढीवाला, हेल्मेटवाला, काठीवाली म्हातारी, रडणारं मूल. घर सोडायच्या आधी पिल्लानं हे सगळं बघितलं-ऐकलं पाहिजे, म्हणजे पुढं कशाला बिचकणार नाही, असा हिशोब. त्यापायी सिस्टर रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायच्या. "ओ दाढीवाले, दोन मिनिटं आत या. चपला भायेर, हात धुवा." गॅस सिलिंडरवाल्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढायला घेतलं तर त्याला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तेच पायजेलाय." तो बिचारा हेल्मेटची काच वर करून चहा प्याला. पिल्लं त्याच्या बुटांच्या नाड्या ओढत होती. प्रत्येक पिल्लापुढं टिक झाली तेव्हा त्याला जाऊ दिलं.

मी यादी वाचून विचारलं, "सिस्टर, यात भित्रा माणूस कुठंय?"

"त्याची टिक पयल्या दिवशीच झाली," त्या म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

पिल्लू मागायला लोक यायचे त्यांना आधी एक कागद भरावा लागायचा. अकरा प्रश्न. घर कुणाचं, दिवसा घरी कोण, फिरवणार कोण, सुट्टीत गावाला गेलात तर कुत्रं कुठं, असे. सहावा प्रश्न आमच्या भागातला होता: रात्री कुठं ठेवणार, आणि वरून जाळी आहे का? उसात बिबट्या असलेल्या मुलखात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सिस्टरांच्या अंगणाला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी होती.

एकदा नारायणगावच्या बाजूचे एक द्राक्षबागायतदार आले. पांढरी गाडी, गळ्यात उपरणं. कागद न बघताच म्हणाले, "एक नर द्या. बागंत बांधतो. बिबट्या लई झालाय."

"बांधणार?"

"मग? सोडला तर पळंल. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतो ना."

सिस्टरांनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. "ह्या जातीचं कुत्रं चोराला त्याची चप्पल आणून देतं, राव. बिबट्याला वाटंल, ताट वाढून ठिवलंय. तुमी पट्टा घालून ताटाला काटे लावणार, येवढंच."

"पण दिसायला रुबाबदार हाय."

"रुबाबासाठी फोटो लावा."

बागायतदार हसले, पण हसता हसता थोडे लालही झाले. सिस्टरांनी त्यांची नाडी धरून पाहिली आणि विचारलं, बागेत आत्ता राखणीला कुणी आहे का? होता, काळ्या नावाचा गावठी कुत्रा, दहा वर्षांचा, उघड्यावर बांधलेला. सिस्टरांनी कागदाच्या पाठीमागं पिंजऱ्याचं चित्र काढून दिलं. पंधरा दिवसांनी ते परत आले, मोबाइलवर फोटो घेऊन. काळ्या जाळीच्या घरात, वर पत्रा. पिल्लू काही त्यांना मिळालं नाही. पण त्यानंतर दर मोसमात सिस्टरांकडं द्राक्षांची पेटी यायची, आणि सिस्टर काळ्याची तब्येत विचारून मगच ती आत घ्यायच्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. बराच वेळ टाळतोय.

शेवंताचं ते दुसरं बाळंतपण भर दिवसा झालं. आदल्या दुपारी थर्मामीटर अठ्ठ्याण्णवावर उतरला तेव्हाच सिस्टरांनी सांगितलं, "उद्या जेवणाच्या आत." दुसऱ्या दिवशी दहाला पहिलं पिल्लू आलं, दोनला आठवं. माझं काम टॉवेल देणं आणि वेळ लिहिणं. प्रत्येकाच्या गळ्यात लोकरीचा वेगळा धागा बांधला, म्हणजे ओळख राहते. रंग सातच होते, त्यामुळं आठवं बिनधाग्याचं राहिलं आणि त्याचं नाव मोकळा पडलं. मी मोठ्या उत्साहानं केंद्रावरून सात फॅटचं म्हशीचं दूध आणलं, बाळंतिणीच्या पोरांना वरचं लागलं तर म्हणून. सिस्टरांनी त्याचा चहा केला. "हे रेडकाचं हाय. पिल्लांची पावडर येगळी मिळती."

मग त्यांनी वजनाचं काम माझ्याकडं दिलं. रोज सकाळी सातला, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर टोपली, टोपलीत फडकं. एकेक पिल्लू ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. "तुमचा हात काट्यावर बसलेला हाय," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं, आणि तिथंच गोम होती. आमच्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध यायचं. काट्यावर वजन, मशीनवर फॅट. आकडा चांगला आला की माणूस आपल्या म्हशीचं कौतुक करायचा. कमी आला की माझ्या तोंडाकडं बघायचा. शिव्या म्हशीला कधी पडल्या नाहीत. दोन वर्षांत मी एवढं शिकलो होतो की आकडा खाली गेला की अपराध काट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा. कुणाची किटली काट्यावर आली की मी आधीच मान खाली घालायचो.

निळ्या धाग्याचा नर सगळ्यांत लहान होता. जन्माला तीनशे अठ्ठेचाळीस ग्रॅम. बाकीची रोज वाढत होती, हा जागच्या जागी. तीनशे चाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस. चौथ्या दिवशी सिस्टरांना मंचरला बँकेत जायचं होतं, हयातीचा दाखला द्यायला. रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून सातच्या आधीच निघाल्या. पायात चपला घालता घालता म्हणाल्या, "आपण जित्ते हाय हे बँकंला दाखवून येते. निळ्याचा आकडा कालच्यापेक्षा कमी आला तर पयला फोन मला करा. आले तशी परत फिरंन. त्याला वरचं दूध चालू करावं लागंल."

त्या गेल्या. मी सातला वजनं घेतली. सात पिल्लं वाढलेली. निळा तीनशे एकोणतीस.

परत ठेवला. एकोणतीस. फडकं झटकून परत ठेवला. अठ्ठावीस.

फोन खिशात होता. मला आठवतं, मी तो काढलासुद्धा. आणि मग मनात जे आलं ते असं: त्या म्हणतील, तुमाला त्याला नीट आचळाला लावता आलं नाय. म्हणतील, खोली देऊन चूक केली. बस आत्ताशी मंचरला पोचली असेल, त्यांना अर्ध्या कामातून उठवून आणायचं, आणि पिल्लू काय, संध्याकाळपर्यंत पिऊन भरून काढेल, मग खोटं हे खोटं राहणारच नाही. मी लिहिलं: तीनशे एक्कावन्न.

अकराच्या सुमाराला त्या आल्या. पाय न धुताच वही उघडली. "निळ्यानं मनावर घेतलं म्हणायचं," असं म्हणून हसल्या. चार दिवसांचं जागरण होतं. माझा आकडा बघून निर्धास्त झाल्या, जेवल्या आणि आडव्या झाल्या. वरच्या दुधाची पावडर डब्यातच राहिली.

चारला उठल्या. बाकीची सात एकमेकांवर चढून झोपली होती. निळा कडेला एकटाच पडला होता, तोंड भिंतीकडं. सिस्टरांनी त्याला उचललं आणि नुसतं तळहातावर धरलं. हजार पोरं झेललेला हात तो. मग काटा ओढला. तीनशे चौदा.

त्यांनी वहीकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"पावणं, सकाळी काटा बिघडला व्हता का?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. काट्याचे सेल बदलले असते आणि विषय संपला असता. आजही मला कळत नाही की मी हो का म्हणालो नाही. बहुतेक निळ्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता, म्हणून.

"काटा बरोबर होता," मी म्हणालो. "तीनशे एकोणतीस होतं. एक्कावन्न मी लिहिलं."

सिस्टरांनी मनगटाच्या आतलं घड्याळ बघितलं. "शर्ट काढा."

मला वाटलं, मारतात आता. मी शर्ट काढला. त्यांनी निळा माझ्या बनियनच्या आत, छातीला लावून ठेवला आणि वरून दुपटं गुंडाळलं. तो ओल्या फडक्यासारखा गार होता.

"दूध?" मी विचारलं.

"आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध पचत नाय, उलट घात व्हतो. तळेघरला दीड किलोची पोरं अशीच आयांच्या छातीला बांधून वाढवली. काचंची पेटी कुठून आणणार तिथं. बसा भिंतीला टेकून. हलू नका."

पाचला केंद्राची वेळ. मी फोन करून सांगितलं, येत नाही. दोन वर्षांतली पहिली सुट्टी. तासाभरानं पिल्लू छातीवर हललं, तेव्हा सिस्टरांनी बारीक नळीनं त्याच्या पोटात चमचाभर दूध सोडलं. त्यांचा हात इतका सावकाश होता की मला श्वास घ्यायची भीती वाटत होती. त्या रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. रागावल्या नाहीत तेव्हा मीच म्हणालो, "सिस्टर, मी खोली सोडतो."

त्या नळी धूत होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

"नवी नवी नर्स व्हते. वरच्या एका वाडीवर पोरांची वजनं घ्यायला जायचं व्हतं. झोळीचा काटा खांद्यावर. मधला वढा भरला व्हता. मी गेले नाय. खाली शाळंत बसून मागच्या आकड्यात दोनदोनशे ग्रॅम मिळवले अन् लिवलं. पुढच्या म्हैन्यात गेले तर त्यातलं एक पोर नुसतं हाडांचं. वहीत मातुर ते वाढतच व्हतं."

मी विचारलं, "वाचलं का?"

"वाचलं. म्हणून तुमाला सांगते. वाचलं नसतं तर सांगायची छाती झाली नसती." मग वही माझ्यापुढं ठेवली. मी खोडायला पेन टेकवलं तर त्यांनी हात धरला. "खोडायचं नाय. ते तसंच ऱ्हाऊ द्या. शेजारी खरं लिहा."

मी लिहिलं. ३५१, आणि शेजारी ३२९. एका हातानं, कारण दुसरा हात निळ्याच्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी टोपली काट्यावर ठेवली आणि चहा टाकायला आत निघून गेल्या. मुद्दाम. मी एकटा. निळा ठेवला. तीनशे बारा. रात्रभर आळीपाळीनं छातीला घेऊन, नळीनं पाजून, तरी दोन ग्रॅम कमी.

"सिस्टर," मी ओरडून सांगितलं, "उतरलंय. दोन ग्रॅम."

"लिवलं का?"

"लिहिलं."

"मग चहा घ्या अन् शर्ट काढा."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तीनशे सोळा. मग पंचवीस. मग एक दिवस त्यानं शेवंताचं आचळ स्वतःहून धरलं आणि शेजारच्या लाल धाग्यानं ढकललं तरी सोडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो ढिगाच्या सगळ्यात वर झोपलेला होता.

पिल्लं द्यायचे दिवस आले. आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय सिस्टर कुणाला पिल्लाला हात लावून नेऊ द्यायच्या नाहीत, मग तो कितीही मोठा माणूस असो. जंताचं औषध, पहिली लस, कार्ड, सगळं तयार. सातव्या आठवड्यात मी म्हणालो, निळा मला द्या. त्यांनी हसू न आणता माझ्यापुढं कागद ठेवला. अकरा प्रश्न.

मी भरला. घर स्वतःचं? नाही. दिवसा घरी कोण? कोणी नाही. फिरवणार कोण? मी, जमेल तसं. गावाला गेलात तर? माहीत नाही. असं करत शेवटचा प्रश्न आला: पिल्लाला काही झालं तर पहिला फोन कुणाला करणार? तिथं मी लिहिलं, तुम्हाला.

सिस्टरांनी चष्मा लावून वाचलं. "दहा चुकीची, येक बरोबर. नापास." आणि कागदाची घडी घालून वहीत ठेवली, चौथ्या दिवसाच्या पानात.

निळा ओझरला गेला, विघ्नहराच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर हार-फुलांचं दुकान असलेल्या घरात. आधी आम्ही दोघं घर बघायला गेलो. सिस्टरांनी फाटकाची कडी हलवून पाहिली, जाळी बोटांनी ओढून पाहिली, धरणाचं पाणी किती लांब आहे ते विचारलं, कारण ही जात पाणी दिसलं की उडी मारते. सून सगळी उत्तरं नीट देत होती. शेवटच्या प्रश्नाला घरातली म्हातारी मध्येच म्हणाली, "पयला इघ्नहराला सांगायचं. मंग तुमाला."

सून कावरीबावरी झाली. सिस्टर म्हणाल्या, "सांगा की. पण देवाकडं थर्मामीटर नाय, आजी. त्याला सांगता सांगता मला लावा."

म्हातारी खूश झाली. निळा तिच्या लुगड्याचा काठ चघळत होता. परत येताना बसमध्ये सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. बनियनवर त्याच्या नखांचे ओरखडे होते, ते मी बरेच दिवस धुताना जपायचो.

त्यानंतर शेवंताचं ऑपरेशन झालं आणि कॅलेंडरवरच्या त्या ओळीवर सिस्टरांनी टिक केली. मला गुजरातेतल्या एका डेअरीत काम मिळालं. इकडंच काही वर्षं गेली, लग्न झालं. आता गावापासून आणखी लांब आहे. इथं काटे मोठे आहेत, टँकर चढतात. आकडा कमी आला की मान अजून खाली जाते. पण मी तो आहे तसा लिहितो, आणि मग वर बघतो.

गेल्या महिन्यात मला मुलगी झाली. जन्माला दोन किलो आठशे. चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सनं वजन केलं आणि गुजरातीत भराभर काही सांगून पुढच्या खाटेकडं गेली. मला अर्धं कळलं. काटा मी स्वतः वाचला होता. दोन किलो सहाशे वीस. बायकोनं विचारलं, "किती भरलं?" आणि माझ्या तोंडात 'वाढलंय' हा शब्द आलेला होता. अगदी दातांपर्यंत.

"उतरलंय," मी म्हणालो. "थांब, फोन करतो."

सिस्टरांनी दुसऱ्या घंटेला उचलला. मी काय झालं ते सांगायला लागलो तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. आकडा सांगा."

सांगितला. जन्माचा आणि आजचा.

"खरा?"

"खरा."

पलीकडं पेन्सिलीचा आवाज आला. त्या लिहून घेत होत्या. "पयल्या आठवड्यात येवढं उतरतं, पावणं. दहाव्या भागाच्या आत हाय, भिऊ नका. आईला सारखं पाजायला सांगा. उद्या सकाळी परत वजन करा अन् मला सांगा. कमी आलं तरी सांगा." मग म्हणाल्या, "निळा अडतीस किलोचा झालाय. म्हातारी त्याला परसादाचे पेढे चारती. झापलीय तिला."

मागं शेवंता भुंकली, म्हातारी झाल्यासारखी, एकदाच.

"पोरीला छातीला घ्या," सिस्टर म्हणाल्या. "आधी नखं बघा."

मी खिडकीच्या उजेडात दोन्ही हात धरले, उलटे करून पाहिले. कापलेली होती. मग शर्टाची बटणं काढली.